मानवतचे बळी आणि पडद्यावरचे भय

नरबळीचा चित्रपट म्हटला की आडरानातले गाव, मशाली आणि घुमणारा मांत्रिक हे ठरलेलेच. आमचा या चित्रालाच आक्षेप आहे.

नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात मानवतला दहा खून पडले. मेलेल्यांत दहा-दहा वर्षांच्या मुली होत्या, तान्हे मूल होते, बाया होत्या. मानवत काही जगापासून तुटलेले खेडे नव्हते. तिथे नगरपालिका होती, कापसाची बाजारपेठ होती, जवळ रेल्वे स्टेशन होते. तेव्हा आपली हिंगोलीही परभणी जिल्ह्यातच होती. ती वेगळी झाली 1 मे 1999 ला. म्हणजे हे सारे आपल्याच जिल्ह्यात घडले. खटल्यात पुढे आलेले कारण गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती. धन आपल्याला, वंश आपल्याला, आणि रक्त मात्र दुसऱ्याच्या लेकीचे!

याच प्रकरणावरून अमोल पालेकरांनी 1981 साली ‘आक्रीत’ केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. गावातला वजनदार पुरुष आणि त्याने ठेवलेली पारधी बाई असा तो मामला. अंधश्रद्धेच्या आडून सत्ता कशी हात धुऊन घेते, हे त्यात दिसते आणि त्याचे श्रेय आम्ही देतो. पण घरी परतणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात कोण राहते? पारधीण! इंग्रजांनी कायद्याने मारलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का 1952 साली कागदावरून पुसला गेला. डोक्यांतून तो कधी पुसणार? 2024 साली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. तिचा नायक तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी. तपास मोठाच होता, नाकारत नाही. पण मेलेल्या मुलींच्या आयांची गोष्ट कोण सांगणार?

खुनाला शिक्षा पूर्वीही होती. नरबळीचा नुसता सल्ला देणाऱ्या बुवासाठी मात्र वेगळे कलम नव्हते. जादूटोणाविरोधी कायद्याने त्यालाही 6 महिने ते 7 वर्षे कैद ठेवली. हा कायदा वर्षानुवर्षे लोंबकळत होता. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि चारच दिवसांत वटहुकूम निघाला. सरकारलाही आधी बळीच लागला!

याच कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. तो पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा, असे लिहिले आहे. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या आमच्या वाचकांनी उद्या ठाण्यात जाऊन एवढेच विचारावे : आमच्या भागाचा दक्षता अधिकारी कोण?