पाय घसरला म्हणे

आईच्या कोपराखालचा डाग मला दिसला तेव्हा तो काळानिळा राहिला नव्हता, कडेने पिवळा पडत आला होता. म्हणजे चार-पाच दिवस तिने तो लांब बाह्यांच्या ब्लाउजखाली झाकला होता. "काही नाही गं, जरा पाय घसरला."

म्हातारी माणसं पडली की आपण आधी फरशीवर आळ घेतो. रबरी मॅट आणतो, फार तर बाथरूमच्या टाइल्स बदलतो, आणि प्रकरण मिटतं.

फरशी त्या रात्री कोरडी होती. आई पहाटे तीनला लघवीला उठली होती, रात्रीतली तिसरी खेप. पायाच्या सुजेवरची गोळी, जिला घरात सगळे लघवीचीच गोळी म्हणतात, डॉक्टरांनी सकाळी घ्यायला सांगितली होती. पण सकाळी भजनी मंडळ असतं आणि देवळात सोय नाही, म्हणून तिने ती परस्पर रात्रीवर नेली. जोडीला रक्तदाबाची आणि झोपेची. ताडकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. चष्मा फ्रिजवर, झिरोचा दिवा वीजबिलापायी बंद. आधाराला धरला तो टॉवेलचा रॉड. तो स्क्रूसकट हातात आला. यातल्या एखाद्याच गोष्टीने ती बहुधा पडली नसती.

दवाखान्यात आजवर तिचा रक्तदाब बसवूनच मोजला गेला. या वेळी मी हट्टाने आधी आडवं आणि मग उभं करून मोजायला लावला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ते पडण्याच्या धोक्याचं लक्षण मानतात. आईचा २६ने उतरला. गोळ्यांच्या वेळा बदलल्या, झोपेची सुटली.

राग मला आपल्या मायेचा येतो. पासष्टीपुढची साधारण तीनांतली एक व्यक्ती दरवर्षी पडते, आणि एकदा पडलेल्याची पुन्हा पडण्याची शक्यता दुप्पट होते. म्हणून आपण भाजी आणणं बंद करतो, देऊळ बंद करतो. "तू बस, मी बघते." बसून बसून मांड्यांतली ताकद जाते, पाय पुरता उचलत नाही, आणि रोजच्या उंबऱ्यालाच ठेच लागते. ही बंदी ठाऊक असते, म्हणून तर डाग झाकला जातो.

हा धोका जोखायची एक साधी चाचणी आहे: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका धरतात. आईला १७ लागले. "खुर्चीच खोल आहे," ती म्हणाली. आता ओट्याजवळ साधी खुर्ची ठेवून रोज दहादा उठबस करते, पुटपुटत. मंडळही चालू आहे.

बाथरूमच्या भिंतीत पक्की दांडी बसवायला तिचा विरोध होता. आल्यागेल्याला म्हातारपण दिसतं म्हणे. तरी बसवली. परवा पाहिलं तर तिच्यावर टॉवेल वाळत होता.