ठाणावर नंबर आहे, मग फायलीवर का नाही?



गिरणीत एखाद्या ठाणात भोक निघालं तर काय होतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. फोल्डिंग खात्यात ठाण उलगडतं, त्यावरचा नंबर वाचला जातो, आणि साचा कोणता, पाळी कोणती, साचेवाला कोण, हे लगेच कळतं. मग दंड कुणाला? साचेवाल्याला! सूत कच्चं होतं का, साचा मोडकळीला आला होता का, हे कोणी विचारीत नाही. नंबर सापडला की माणूस सापडला!

आता दिल्लीच्या कारभाराकडे पाहा. तिथे लोकांच्या पैशाच्या ठाणाला भोक पडलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. खालचा म्हणतो, वरून हुकूम होता. वरचा म्हणतो, खालून टिपणी आली होती. मंत्री म्हणतात, मला ठाऊकच नव्हतं! मग हे भोक पाडलं कोणी? उंदरांनी?

आमचं म्हणणं साधं आहे. फायलीवरही नंबर असतो. टिपणीखाली सही असते, सहीखाली तारीख असते. तो नंबर चार लोकांत मोठ्याने वाचायला लावणं, यालाच सरकारला जाब विचारणं म्हणतात. बाकी सगळं भाषण!

कागद चालतो कसा, ते आधी समजून घ्या. कक्ष अधिकारी टिपणी मांडतो. ती अवर सचिवाकडे, तिथून उपसचिवाकडे, मग सहसचिवाकडे, सचिवाकडे आणि शेवटी मंत्र्याकडे चढते. प्रत्येक पायरीवर शेरा आणि सही. हुकूम निघतो तो राष्ट्रपतींच्या नावाने, घटनेचं ७७वं कलम तसं सांगतं. पण त्या हुकुमाबद्दल लोकसभेत उत्तर द्यायचं ते मंत्र्याने, कारण ७५व्या कलमाप्रमाणे मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेला जबाबदार आहे. अधिकाऱ्याला ३११व्या कलमाचं संरक्षण आहे. चौकशी केल्याशिवाय, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला बडतर्फ करता येत नाही. यावर कोणी नाक मुरडू नये. चार्जशीटशिवाय गेटबाहेर काढलेला कामगार जो न्याय मागतो, तोच हा न्याय आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याने मंत्र्याच्या तोंडावर ‘नाही’ लिहावं म्हणून ही ढाल आहे. पण ढालीआड लपून लोकांचा पैसा उधळायचा परवाना तिने कुणाला दिलेला नाही!

हे सारं नुसतं पुस्तकात असतं, तर आम्ही शाई खर्च केली नसती. ते एकदा खरोखर घडलं, आणि त्याचा निवाडा आपल्या मुंबईत झाला. मुंदडा प्रकरण म्हणतात ते हेच.

१९५६ साली सरकारने २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या ताब्यात घेऊन आयुर्विमा महामंडळ काढलं. पोटाला चिमटा घेऊन विम्याचे हप्ते भरणाऱ्या सामान्य माणसाचा पैसा एका तिजोरीत आला. वर्षही उलटलं नाही, तोच जून १९५७ मध्ये त्या तिजोरीतून सुमारे सव्वा कोटी रुपये निघाले आणि हरिदास मुंदडा नावाच्या सट्टेबाज भांडवलदाराच्या सहा कंपन्यांच्या शेअरांत गेले. त्यांत मुंबईची रिचर्डसन अँड क्रुडास होती, लोकरीच्या गिरण्या चालवणारी कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशनही होती. पैसे कुठे गुंतवायचे हे ठरवण्यासाठी महामंडळाची एक समिती होती. तिला विचारलंच नाही! सव्वा कोटींचा सौदा, आणि ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलाच नाही.

१६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत फिरोज गांधी उभे राहिले. ते विरोधी बाकांवरचे नव्हते. काँग्रेसचेच खासदार, आणि खुद्द पंतप्रधान नेहरूंचे जावई! त्यांनी कागदांच्या आधाराने विचारलं की हा सौदा कुणाच्या सांगण्यावरून झाला? लोकसभेत बोललेलं वर्तमानपत्रांना निर्धास्त छापता यावं म्हणून कायदा व्हावा, असा पुढाकार १९५६ साली याच गृहस्थांनी घेतला होता. म्हणजे आधी दार उघडलं, मग आत जाऊन दिवा लावला.

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचं एकसदस्य कमिशन बसलं. त्यांनी चौकशी बंद दाराआड केली नाही. मुंबईत उघड सुनावणी ठेवली. गर्दी एवढी लोटली की बाहेर लाऊडस्पीकर लावावे लागले. दिल्लीच्या फायलीतली टिपणी मुंबईचा माणूस रस्त्यात उभा राहून ऐकत होता! अर्थखात्याचे मुख्य सचिव एच. एम. पटेल यांचं म्हणणं, मंत्र्यांना कल्पना होती. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचं म्हणणं, मी मंजुरी दिली नव्हती. कलकत्त्याचा शेअरबाजार सावरण्यासाठी खरेदी केली, ही सबबही पुढे आली. छागलांनी ती मानली नाही. १० फेब्रुवारी १९५८ ला त्यांनी अहवाल दिला. त्याचं सार असं की सचिवाने जे केलं त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. हाताखालच्याने केलं म्हणून मंत्र्याला अंग काढून घेता येणार नाही. त्याच महिन्यात अर्थमंत्र्यांनी खुर्ची सोडली.

आता कोणी म्हणेल, पुढे काय झालं? कृष्णम्माचारी १९६२ साली पुन्हा मंत्री झाले आणि १९६३ साली पुन्हा अर्थमंत्री. पटेल साहेब १९७७ साली स्वतःच देशाचे अर्थमंत्री झाले! खुर्च्या येतात, जातात, परत मिळतात. म्हणून नुसता एखाद्याचा बळी पडला की टाळ्या पिटून घरी जायचं नाही. आपली मिळकत ती नव्हे. आपली मिळकत हा दाखला आहे: मंत्र्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही, आणि बंद फायल भर लोकांत उघडता येते.

तुमचा याच्याशी संबंध काय? तुमचा फंड! १९५२ च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंड पहिल्यांदा ज्या सहा धंद्यांना लागू झाला, त्यांत कापडधंदा होता. तेव्हा रुपयामागे एक आणा कापला जाई, पुढे तो वाढत गेला. हा पैसा सरकारचा नाही, मालकाचा नाही, तुमच्या घामाचा आहे. तो सांभाळणाऱ्या केंद्रीय मंडळावर कायद्याने कामगारांचे १० प्रतिनिधी बसतात. त्यांना कधी विचारलंत का, की बाबांनो, तिथे बसून तुम्ही कशावर मान डोलावलीत?

विचारायची हत्यारं आहेत. खासदाराला लोकसभेत प्रश्न विचारता येतो. मग मत मागायला आलेल्याला विचारा, आमच्यासाठी किती प्रश्न विचारलेस? नियंत्रक व महालेखापरीक्षक सरकारचे हिशेब तपासतात, त्यांचा अहवाल संसदेपुढे ठेवावाच लागतो, आणि लोकलेखा समिती सचिवांना बोलावून उलटतपासणी घेते. १९६७ पासून या समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा, असा पायंडा आहे.

आणि तिसरं हत्यार थेट तुमच्या हातात आहे. राजस्थानातल्या मजुरांनी आपल्या मजुरीचे हजेरीपट मागितले, जाहीर सुनावण्या घेतल्या, १९९६ साली ब्यावरला धरणं धरलं. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी उपोषणं केली. अशा लढ्यांतून २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही माफ. ३० दिवसांत उत्तर. नाही दिलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील, मग आयोगाकडे. विनाकारण टाळणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून! साचेवाल्याचा दंड एकदाचा साहेबालाही लागू झाला म्हणा ना!

पण सावध राहा. ज्यांना दिवा नको असतो ते वात कापतात. २०१९ साली माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्या हातात घेतला. ज्याने सरकारला दटवायचं, त्याचाच पगार सरकार ठरवणार! २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने आणखी एक कुलूप मोठं केलं. वैयक्तिक माहितीच्या कलमातच लोकहिताची जी सवलत होती, ती काढून टाकली. तरी मोठं लोकहित असेल तर माहिती देता येते, हे ८(२) कलम शाबूत आहे. अर्जात ते ठणकावून लिहा.

म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, खिडकीवरच्या कारकुनावर खेकसू नका. तोही आपल्यासारखाच नोकरदार आहे. दावा परत आला, पेन्शन अडली, तर विचारा, माझा कागद कोणत्या तारखेला, कोणाच्या टेबलावर होता? त्यावर शेरा काय मारला? सही कोणाची? हे लेखी विचारा, तारीख टाका, पोच घ्या. लिहिता येत नसेल त्याला लिहून द्या. एकट्याचा अर्ज टोपलीत जाईल, चाळीतल्या शंभरांचे अर्ज टोपलीत मावणार नाहीत.

आपल्या ठाणाचा नंबर आपण रोज देतो. आता त्यांच्या फायलीचा नंबर मागा!