हिरवा रंग कोठे गेला?

लातूरला आमची आडत आहे. तूर घेऊन येणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाशी आमचा तीन पिढ्यांचा व्यवहार, म्हणून वेळ अमावास्येला त्यांच्या शेतावर जाणे हा आमच्या घरचाही रिवाज झाला आहे. मार्गशीर्षातील ही अमावास्या म्हणजे लातूर-धाराशिवकडची येळवस. त्या दिवशी बाजारपेठ ओस पडते आणि रानात माणसे मावत नाहीत.

यंदा नांदेडची पुतणी सोबत होती. प्रवासातील छायाचित्रांना मोबाइलवर उदास, धूसर रंग चढवण्याचा तिला छंद आहे. येताना तिने कंधारचा किल्ला टिपला होता. उजेड उतरवला, सावल्या गडद केल्या, आणि तो राष्ट्रकूटांच्या काळाशी नाते सांगणारा तट, खंदकातले ते पाणी, सारे गूढ दिसू लागले. तेथे ते शोभलेही.

शेतावर कडब्याच्या कोपीत पूजा आटोपली आणि पंगत बसली. भज्जी हा प्रकार पुतणीला नवा होता. नावावरून तिने तळलेली भजी अपेक्षिली होती! वाटाणा, तूर, हरभरा, वाल यांचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, चाकवत असे रानातले सारे एकत्र शिजवून त्याला बेसन लावलेले. जोडीला बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. आंबील एरवी आदल्या दिवशीच करून ठेवतात, लसूणही सढळ असतो. आमच्यासाठी मात्र त्या माउलीने सकाळीच वेगळे पातेले चढवले होते. ताक तापवून, ज्वारीचे पीठ शिजवून, नुसत्या जिऱ्यावर. भज्जीतून कांदा आणि गाजरही वगळले होते. आम्ही कधी सांगितले नव्हते. त्यांच्या सासूबाईंपासून ते चालत आले आहे. पहिल्या घोटाला पुतणीने तोंड वाकडे केले, नंतर दोन पेले मागून घेतले.

सायंकाळी तिने कोपीपुढे उभ्या असलेल्या त्या कुटुंबाचे छायाचित्र त्यांना पाठवले. रंग कंधारचेच चढवलेले. या तयार रंगछटांमध्ये हिरव्याचा जोर काढून तो तपकिरीकडे झुकवतात. पोटरीत आलेली ज्वारी त्यामुळे करपल्यासारखी दिसू लागली. छायाचित्र त्यांच्या नातलगांत फिरले आणि दुसऱ्या दिवशी यजमानांचा फोन आला.

"शेटजी, व्याही इचारायलेत, पीक गेलं का म्हणून. काय सांगू त्यास्नी?"

ते हसत होते, तरी मला संकोच वाटला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आले, ते वर्ष या माणसांनी शेतात राहून काढले आहे. उभे पीक ही शेतकऱ्याची पत असते, आणि पत म्हणजे काय हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. ज्या घराने आपले नियम न सांगता पाळले, त्याच घराचे रान आम्ही कोरडे करून दाखवले होते.

पुतणी प्रथम वाद घालू लागली. हा कलेचा प्रश्न आहे म्हणाली. मी मूळ छायाचित्र मागितले. सुदैवाने अशा साधनांत मूळ प्रत शाबूत राहते. दोन्ही शेजारी ठेवून ती बराच वेळ पाहत बसली. मग मूळ छायाचित्रात तिने केवळ चेहऱ्यांवरची सावली थोडी उजळली, ज्वारीला हात लावला नाही, आणि ते यजमानांना पाठवताना क्षमाही मागितली.

कंधारचे तिने होते तसेच ठेवले आहे. शेताच्या छायाचित्राची मोठी प्रत यजमानांना हवी आहे. पुढच्या खेपेला तूर आणतील तेव्हा ती आडतीवरून नेतील.