लेखनाचा रतीब

संपादकाची संमती, छापखान्याचा खर्च आणि कागदाचा भाव हे लेखकाच्या वाटेवरील तीन जुने अडसर. महाजालाने ते जवळजवळ एकदमच दूर केले. युनिकोडमुळे देवनागरी अक्षर कोणत्याही यंत्रावर उमटू लागले आणि खेड्यातील तरुणालाही हातातल्या भ्रमणध्वनीवरून आपले म्हणणे जगापुढे मांडता येऊ लागले. ही घटना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. तथापि यांतले टिकते किती, असा प्रश्न विचारला की उत्साह ओसरतो. मोठ्या हौसेने आरंभलेले लेखन पाचसात टिपणांनंतर थांबते. शेवटच्या टिपणाची सुरुवात ‘बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे’ अशी असते, आणि त्यापुढे पान कोरे.

याचे खापर सामान्यतः वेळेच्या टंचाईवर फोडले जाते. ते कारण पुरेसे नाही. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे न्यायखात्यातील सरकारी नोकर होते. ती नोकरी सांभाळून त्यांनी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात 1848 ते 1850 या काळात शंभराहून अधिक पत्रे लिहिली आणि त्याच सुमारास ‘लक्ष्मीज्ञान’ हा अर्थशास्त्रावरील ग्रंथही सिद्ध केला. या पत्रांत पुनरुक्ती आहे, भाषा ठिकठिकाणी ओबडधोबड आहे. परंतु प्रत्येक पत्र निर्दोष होईपर्यंत ते थांबले असते, तर ‘शतपत्रे’ हा शब्द मराठीत आलाच नसता.

इंग्लंडमध्ये अँथनी ट्रॉलप हा कादंबरीकार टपालखात्यात अधिकारी होता. पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासास 250 शब्द लिही. त्याच्या मृत्यूनंतर 1883 मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा हा हिशेब वाचून रसिकांनी नाके मुरडली. (कलावंताने घड्याळ पाहू नये, ही समजूत आपल्याकडेही कमी नाही.) अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र निराळ्याच तपशिलाकडे जाते. पहाटे उठवण्यासाठी त्याने आपल्या जुन्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा वेतन दिले होते! स्वतःच्या निश्चयावर विसंबून न राहता त्याने तो निश्चय मोडणेच अवघड करून ठेवले. 2005 साली नोबेल पारितोषिक मिळालेले टॉमस शेलिंग यांनी ज्या स्वनिर्बंधाची पुढे शास्त्रशुद्ध मीमांसा केली, त्याचेच हे घरगुती रूप होय. आजच्या सुखापुढे उद्याचे हित माणसाला नेहमीच लहान दिसते; म्हणून शहाणा माणूस स्वतःला आधीच बांधून घेतो.

जुन्या पत्रकारांना ही सोय आयती होती. 4 जानेवारी 1881 च्या मंगळवारी ‘केसरी’चा पहिला अंक निघाला आणि त्यानंतर प्रत्येक मंगळवार संपादकाच्या दारी उभा राहू लागला. आजच्या स्वतंत्र लेखकाला मंगळवार नाही. त्याच्यापुढे आहेत ते पसंतीचे आकडे. हर्बर्ट सायमन यांनी 1971 मध्येच दाखवून दिले होते की, माहितीची सुबत्ता वाढली की दुर्मीळ होते ते ग्राहकाचे अवधान. हे अवधान जाहिरातदारास विकणाऱ्या कंपन्यांना लेखकाकडून सातत्य हवे असते, आशय नसला तरी चालतो. रतीब घालणाऱ्याने माप तेवढे पाहिले, तर दुधात पाणी शिरणारच. आता तर यंत्राकडून हवा तितका मजकूर क्षणात लिहवून घेता येतो. नुसत्या नेमाला त्यामुळे काही किंमत उरलेली नाही.

म्हणून नेम हवा तो लिहिण्याआधीच्या कामाचा. एक उदाहरण घेऊ. केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा त्या आठवड्यात मतांचा पूर आला. मे 2024 च्या आरंभी बंदी उठली. पण टनामागे 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लागू राहिले. सप्टेंबरमध्ये शुल्क 20 टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025 पासून ते पूर्णतः रद्द झाले. या सोळा महिन्यांत लासलगावची आवक कशी बदलली, साठवणुकीच्या चाळीतला कांदा किती सडला, परदेशातील गिऱ्हाईक दुसरीकडे वळले काय, हे आठवड्याच्या आठवड्याला टिपून ठेवणारा एखादा शिक्षक वा शेतकरी असता, तर पुढल्या बंदीच्या वेळी तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही पक्षांना त्याच्या वहीपाशी यावे लागले असते. बाजारसमितीचे दर रोज जाहीर होतात. सामग्री दुर्मीळ नाही. दर शनिवारी अर्धा तास ती उतरवून घेणारा हात दुर्मीळ आहे. अशी वही हे लेखकाचे भांडवल होय. पहिल्या वर्षी ते काहीच व्याज देत नाही, आणि नेमक्या याच वर्षात बहुतेक जण दुकान बंद करतात.

यात आम्हा प्राध्यापकांचाही वाटा आहे. पदोन्नतीच्या गणितात शोधनिबंधाला जे वजन मिळते, ते सामान्य वाचकासाठी मराठीत लिहिलेल्या लेखाला मिळत नाही. मग मोजक्यांनी वाचलेला इंग्रजी निबंध फाइलीत जातो आणि गावातल्या पतसंस्थेचा ताळेबंद कुणी उलगडून सांगत नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. त्या दर्जाने ही उणीव भरून निघालेली नाही. विद्यापीठांनी निदान एवढे करावे की, एकाच स्थानिक विषयावर वर्षभर, ठरल्या वारी, नोंदींच्या आधारे मराठीत लिहिणाऱ्या अध्यापकाला एका शोधनिबंधाइतके गुण द्यावेत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांनाही हाच नियम लावता येईल: शेवटच्या आठवड्यात जुळवलेली शंभर पाने नकोत, जूनपासून दर आठवड्याला लिहिलेले आणि तारीख घातलेले एकेक पान हवे.