पोरांच्या हिरड्या आणि आपला उपदेश

‘या मुलांना सवयच नाही हो!’ हे वाक्य वर्षभर आमच्या कानांवर पडत राहिले. शाळेतल्या तपासणीत तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हिरडीतून रक्त येते, दातांच्या मुळाशी किटण चढलेले असते आणि मोठी माणसे सवयीवर खापर फोडून मोकळी होतात. मग टूथब्रशवाटप, फोटो, भाषण. या वाक्याची आम्हाला चीड आहे.

२०२५ साली हिंदीसक्तीचे शासननिर्णय मागे घ्यावे लागले, मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यातली माती खरवडून नेली. त्याच महिन्यात टूथपेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. चांगले झाले. पण किटण ब्रशने निघत नाही. दातांवरचा मऊ थर रोज निघाला नाही तर काही दिवसांतच कडक होऊ लागतो आणि मग तो काढायला दंतवैद्यच लागतो. वयात येताना संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात. वेळीच सफाई झाली तर त्या पूर्ववत होतात. दुर्लक्ष झाले तर अनेकांच्या दातांभोवतीचे हाड झिजू लागते आणि ते आपोआप भरून येत नाही. पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरातल्या मुलाच्या दातांना याच वयात तार बसते, त्यामुळे त्याचे तोंड दंतवैद्य ठरावीक दिवसांनी बघतोच.

आणि बीडची मुलगी? दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड जोडपी, म्हणजे ‘कोयते’, बीड, जालना, अहिल्यानगरमधून साखर कारखान्यांकडे निघतात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर जातात. आईबाप पहाटेच उसाच्या फडात गेले की कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकटी भावंडे, स्वयंपाक, लांबून आणायचे पाणी, सगळे हिच्यावर. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर १९९२ पासून बंदी आहे, पण तंबाखूची मिशरी घरच्या तव्यावर भाजली जाते. आई ती भूक मारायला लावते, लेक आईच्याच डबीतून घेते. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसते आणि रोग आतल्या आत वाढत राहतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दातांचे आजारही येतात. योजना उत्तम आहे. मात्र पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदाच जाते. ते जानेवारीत गेले तर ही मुलगी फडावर असते. नशिबाने सापडलीच, तर हातात चिठ्ठी मिळते. दवाखाना तालुक्याला, आणि तिथे जायचे तर घरातल्या एकाचा रोज बुडतो. घरचे उत्पन्न आणि आईचे शिक्षण कमी, तिथे किशोरवयीन मुलांच्या हिरड्या जास्त आजारी, हे देशोदेशीच्या पाहण्यांत पुन्हापुन्हा दिसले आहे. तरी आपण त्या मुलीला ब्रश कसा धरायचा ते शिकवतो!

ऊसतोडीच्या तालुक्यांतली तपासणी दसऱ्याआधी उरकली पाहिजे, आणि हंगामात दंतवैद्याचे पथक कारखान्याच्या तळावर गेले पाहिजे. साखरेवर उभ्या असलेल्या राज्याला एवढे परवडते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कोयते निघालेले असतील. वाचकहो, तुमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दंतवैद्य आहे का, किटण काढायचे यंत्र चालू आहे का, हे जाऊन विचारा आणि आम्हाला कळवा. तुमची पत्रे आम्ही छापू.