लेकराचं दुखणं कागदावर कधी येणार?

ग्रामीण रुग्णालयात मूल दाखल झालं की ताप, नाडी, वजन केसपेपरवर चढतं. दुखतंय किती, हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही. हाड मोडलेलं असो, भाजलेलं असो की विंचू चावलेला असो, 'लहान आहे, रडणारच' म्हटलं की विषय संपला.

ही समजूत जुनी आहे. १९८० च्या दशकापर्यंत तान्ह्या बाळाला वेदना कळत नाहीत, असं जगभरात अनेक डॉक्टरही मानत. संशोधनाने ते खोटं ठरवलं. सवय मात्र पुरती गेली नाही.

बऱ्याच उपायांना पैसाही लागत नाही. सुई टोचताना बाळाला अंगावर पाजलं तर त्रास कमी होतो. मोठ्या मुलाला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून दुखणं मोजता येतं. पॅरासिटामॉल वजनावर, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम द्यायचं असतं. अंदाजाने चमचाभर नाही.

खरा पेच मोठ्या वेदनेचा. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिनसाठी परवान्यांचं जंजाळ होतं. २०१४ च्या दुरुस्तीने ते बरंच सुटलं. आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची मंजुरी पुरते. म्हणजे कायद्याकडे बोट दाखवायला जागा कमी उरली. प्रश्न प्रशिक्षणाचा आणि मागणी नोंदवण्याचा आहे. तालुक्याला सोय नसेल तर पोर कळवळतच जिल्ह्याला जातं.

रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी पुढच्या बैठकीत एवढंच विचारावं: नाडी-तापाशेजारी दुखण्याचा आकडा कधीपासून लिहिणार?