नक्षीच्या मधला माणूस

आमच्या घरात वारली चित्र रंगवलेला एक ट्रे आहे. कुणाच्या तरी शादीतून आला, नक्की कुणाच्या ते आता आठवत नाही. ईदला शिरखुर्म्याच्या वाट्या त्याच्यावरूनच फिरतात. यंदा वाट्या उचलल्यावर आमची धाकटी लेक, वय वर्षं आठ, ट्रेकडे बघत बसली. चित्रात माणसांची साखळी गोगलगाईच्या शंखासारखी वळत गेली आहे आणि बरोबर मध्ये एक जण तोंडाला लांबलचक काहीतरी लावून उभा आहे. तिने विचारलं, "हे सगळे याच्याभोवती नाचतायत. हा कोण?"

आम्ही म्हणालो, वाजवणारा.

"नाव काय त्याचं?"

वाचकहो, आम्ही वसई-विरारचे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला तेव्हापासून आमच्या रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे हेच जिल्ह्याचं नाव आहे. ही नक्षी आमच्या पडद्यावर आहे, चहाच्या कपावर आहे, स्टेशनच्या भिंतीवर आहे. पण मधल्या माणसाचं नाव विचारावं हे आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पोरीच्या डोक्यात आलं.

त्याच्या तोंडाला लागलेलं ते वाद्य म्हणजे तारपा. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या आत आवाज काढणाऱ्या पात्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा, आणि हे सगळं जोडायला मेण. दुकानात मिळेल असं यात काही नाही, सगळं रानातलं आणि परसातलं. वाजवणारा मध्ये फुंक तोडत नाही. गालात हवा साठवून ती सोडत राहतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर सलग चालू राहतो. आम्ही घरी स्ट्रॉ आणि पाण्याचा पेला घेऊन हे करून पाहिलं. लेकीला थोडं जमलं, आम्हाला ठसका लागला. भाताची कापणी झाली की वारली पाड्यांवर रात्र रात्र हा नाच चालतो. वाजवणाऱ्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. म्हणजे ट्रेवरचा तो माणूस शोभेला उभा नाही, सगळा नाच त्याच्या फुंकेवर चालला आहे.

आणि त्याला नावही आहे. भिकल्या लाडक्या धिंडा. गाव वाळवंडा, तालुका जव्हार. वय नव्वदीतलं. यंदाच्या २५ जानेवारीला पद्म पुरस्कारांची यादी आली, तिच्यात पद्मश्रीसाठी त्यांचं नाव होतं. पोरवयापासून ते तारपा वाजवत आले आणि स्वतः घडवतही आले. विरारहून महामार्गाने मनोर, तिथून विक्रमगडमार्गे जव्हार. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाआधी माणूस पोचतो. एवढ्या जवळच्या माणसाचं नाव आमच्यापर्यंत यायला दिल्लीहून यादी यावी लागली.

आपल्याकडे ही खोड जुनी आहे. वसई-नालासोपाऱ्याची पोरं वर्षानुवर्षं मिळेल त्या जागी नाचाचा सराव करत होती, तेव्हा शेजारी आवाजाची तक्रार करायचे. 'किंग्स युनायटेड' म्हणून ती २०१९ साली अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' स्पर्धा जिंकली आणि एका रात्रीत "आमच्याकडची मुलं" झाली. लांबून कुणी टाळी वाजवली की मगच आपले हात मोकळे होतात.

म्हणून आम्हाला वाजवणाऱ्याइतकंच, त्याला पहिल्यांदा कान देणाऱ्याबद्दल वाटतं. या वारली नक्षीचीच गोष्ट घ्या. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारी कामासाठी डहाणूच्या पाड्यांवर फिरत होते. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला प्रोत्साहन देणाऱ्यांत हेच होते. वारली चित्रं तोवर लग्नाच्या वेळी भिंतीवर काढली जात, बायकाच काढत. गंजाडचे जिव्या सोमा मशे मात्र सणसमारंभाची वाट न पाहता, हात शिवशिवला की काढत बसत. कुलकर्णींनी ते हेरलं, कागद दिला, रंग दिला आणि १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. पण आमच्या मनात रुतून बसलंय ते वेगळंच. मशे यांच्या चित्रांत तारपावाला पुन्हा पुन्हा आला. चित्र जगभर गेलं, चित्रकाराचं नाव झालं. चित्रातला वाजवणारा मात्र पाड्यावरच राहिला. चित्र विकत घेऊन भिंतीवर टांगता येतं. सुराला तशी खुंटी नसते.

सुराच्या मागे धावणारी माणसंही झाली आहेत. राजस्थानात कोमल कोठारी होते. विजयदान देथांबरोबर त्यांनी १९६० साली बोरुंदा गावात रूपायन संस्थान काढलं आणि वाळवंटातल्या लंगा आणि मांगणियार गवयांच्या दारात जाऊन बसले. हे दोन्ही समाज मुसलमान आहेत. मांगणियारांचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक हिंदू. त्यांच्या घरची बारशी, लग्नं, मरणं, सगळ्याची गाणी आणि वंशावळ्या या गवयांच्या तोंडी. गावाबाहेर कुणी त्यांना ओळखत नव्हतं. कोठारींनी त्यांना दिल्लीत नेलं, परदेशात नेलं. साकर खान यांच्या कमायच्याला २०१२ साली पद्मश्री मिळाली, लाखा खान यांच्या सिंधी सारंगीला २०२१ साली. कोठारी मोठे संगीतकार नव्हते. तिकडे इंग्लंडात बीबीसीवर जॉन पील नावाचा निवेदक १९६७ पासून २००४ साली मरेपर्यंत हेच करत होता, कुणी न ऐकलेल्या पोरांनी पाठवलेल्या रेकॉर्डी आणि कॅसेटी लावायचा. त्यालाही वाद्य वाजवता येत होतं म्हणून कुणी त्याचं नाव घेत नाही. बसून ऐकण्याची सवय, एवढंच या दोघांचं भांडवल.

आपल्या मराठी मुसलमान घरांत तर अशा गळ्याची आठवण असायलाच हवी. बार्शीचा मेहबूब पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, गिरणीच्या फाटकावर आणि मैदानात गायचे. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने सभा भरायच्या. त्यांच्यामागे ना कंपनी होती ना शेठ. आज 'इंडिपेंडंट' म्हणून जे इंग्रजीत मिरवलं जातं ते याहून वेगळं काय असतं? १९६९ साली अपघातात ते गेले. आमच्या मोहल्ल्यात परवा चार कॉलेजच्या पोरांना नाव विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. त्यात पोरांचा दोष नाही, सांगणारे आपण होतो.

पोरांच्या कानाला नावं ठेवू नयेत हेही इथेच लिहितो. तारप्याचा आवाज आम्हाला नीट ऐकवला तो आमच्या पुतण्याने, मोबाइलवर, रॅपच्या गाण्यात. 'स्वदेसी' हा मुंबईच्या पोरांचा गट. मराठीत, हिंदीत, जी भाषा घरी बोलतात त्या भाषेत गातो. २०१९ साली त्यांनी 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं, आरेच्या जंगलातल्या पाड्यावर राहणाऱ्या प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका रात्रीत आरेतली झाडं पडायला लागली, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. गाण्यात झाडाबद्दल काय म्हटलंय ते पुतण्याने आम्हाला ओळ थांबवून थांबवून समजावलं. आम्हाला रॅपचा धडाका फारसा झेपत नाही, खोटं कशाला बोला. पण त्या पोरांनी भोईरांचं नाव गाण्याच्या नावाशेजारी लिहिलं, त्यांचा आवाज चोरून मागे वाजवला नाही, हे आम्हाला आवडलं. त्या गटातला एमसी तोडफोड २०२२ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. पुतण्या त्या दिवशी जेवला नव्हता. आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं का ते.

नाव लिहिण्याचा मुद्दा हौसेचा नाही, पोटाचाही आहे. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. त्यानंतर सिनेमाचं गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. चांगलं झालं. पण ज्या चालीला कुणी एक कर्ता नाही, जी पाड्यावर किंवा चुलीपाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्यावर हा कायदा हक्क तरी कुणाचा सांगणार? ती उचलून कुणीही गाणं करावं, कमवावं. म्हणून निदान गाणाऱ्याचं नाव आणि गाव तरी टिपून ठेवलेलं हवं. हे काम मराठीत फार मोठ्या प्रमाणावर झालं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात आहेत. तिथे ओवीबरोबर बाईचं नाव असतं, गाव असतं, वय असतं, मुलं किती आणि काम काय तेही असतं. पीठ दळणाऱ्या बाईला कुणी एवढं विचारलं असेल का त्याआधी?

वाद्यांबद्दल आपल्या घराघरांत मतं वेगळी आहेत, त्यावर पत्रं येतात, यावेळीही येतील. तो वाद इथे मांडत नाही. आम्ही आता जे सांगणार आहोत त्यात वाद्य नाहीच.

आमच्या गल्लीत एक खाला होत्या. कोणत्याही शादीत हळदीच्या रात्री त्यांना बोलावणं जायचं. त्या जाजमावर बसायच्या, मांडीवर हाताने ठेका धरायच्या आणि सुरू व्हायच्या. नवरीच्या आईला रडवायच्या, नवऱ्याच्या फुफूची टिंगल करायच्या, तिथल्या तिथे नवी नावं गुंफायच्या. मोबदला काय, तर एक ओढणी आणि घरी नेण्यासाठी बिर्याणीचा डबा. त्याच शादीत डीजेवाल्याला आम्ही आगाऊ पैसे मोजलेले असायचे, पावती घेऊन. गेल्या रमजानच्या आधी खाला वारल्या. दुआ झाली, चाळिसावा झाला, आणि मग आमच्या लक्षात आलं की त्यांचं गाणं आमच्याकडे चाळीस सेकंदांचं आहे. तेही व्हिडिओत, मागे डीजेची चाचणी चालू आहे, आणि कॅमेरा निम्मा वेळ केकवर.

ट्रेवरच्या माणसाचं नाव सापडल्यावर लेकीने पुढचा प्रश्न विचारला होता: "मग खालांचं नाव काय होतं?" आम्ही तिला काय सांगणार? सगळे खालाच म्हणायचे. शेवटी त्यांच्या मुलाला विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं. घरच्यांची इजाजत नाही म्हणून इथे छापत नाही.

खालांच्या बरोबर मागची ओळ धरणाऱ्या एक बाई अजून आहेत, नालासोपाऱ्याला लेकीकडे राहतात. गेल्या रविवारी आम्ही गेलो. जाताना फळं नेली, पाकिटात पैसेही नेले. पाकीट पाहून त्या रागावल्या. म्हणाल्या, "गाण्याचे पैसे घेऊ?" आम्ही म्हटलं, डीजेवाला घेतो. त्या हसल्या आणि पाकीट उशीखाली सरकवलं. पंखा बंद केला, मोबाइल उशीवर ठेवला, आधी तारीख, त्यांचं नाव आणि माहेरचं गाव बोलून घेतलं. मग त्या गायल्या. सात गाणी झाली. तीन पूर्ण आली. उरलेल्या चार गाण्यांत त्या मध्येच थांबायच्या, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. पुढची ओळ नेहमी खाला उचलायच्या, यांनी ती कधी स्वतः सुरू केलीच नव्हती.

पुढच्या रविवारी परत बोलावलंय. म्हणाल्या, तोवर अर्नाळ्याच्या नणंदेला फोन करते, तिला दुसरं कडवं येत असेल.